चालू टेबलाला हात लावण्यापूर्वी: डेटाबेसवर नव्यानं काम करणाऱ्यांसाठी

डेटाबेसचे बहुतेक धडे 'क्रिएट टेबल'पासून सुरू होतात. नोकरीत मात्र नवं टेबल बनवायला सहसा कोणी सांगत नाही. हाती येतं ते पाच-सहा वर्षं चाललेलं, तीन-चार जणांच्या हातून गेलेलं, लाखो ओळींचं टेबल. निम्म्या कॉलमांचा अर्थ माहीत असलेला माणूस नोकरी सोडून गेलेला असतो आणि तुम्ही कमांड टाइप करत असता तेव्हाही त्या टेबलात कोणीतरी लिहीत असतं. हा लेख अशा टेबलासाठी आहे.

कोणतीही कमांड देण्याआधी मी तीन प्रश्न विचारतो. ही किती ओळींना हात लावणार? तेवढा वेळ कोणाला अडवून ठेवणार? आणि चुकलं तर मागे कसं यायचं? तिन्हींची उत्तरं नसतील तर एंटर दाबायचं नाही. पुढच्या पायऱ्या ही उत्तरं मिळवण्यासाठीच आहेत.

उदाहरणं मुख्यतः पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या दोन डेटाबेस सॉफ्टवेअरची आहेत. ओरॅकल वेगळं वागतं अशा काही ठिकाणी तसं सांगितलं आहे. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन लिपीत द्यायच्या.

## १. आधी हे जवळ असू द्या

- फक्त वाचण्याची परवानगी असलेलं एक लॉगिन. रोजची पाहणी यातूनच करायची.
- बदल करण्याची परवानगी असलेलं वेगळं लॉगिन. काम असेल तेव्हाच उघडायचं, झालं की बंद.
- टेस्ट सर्व्हरवर टेबलाची प्रत, तीही जवळपास तेवढ्याच आकाराची. शंभर ओळींवर झटकन होणारी कमांड कोटभर ओळींवर किती वेळ घेईल, याचा शंभर ओळींवरून काहीच अंदाज येत नाही.
- कमांड लाइनचा क्लायंट (पोस्टग्रेससाठी पीएसक्यूएल, मायएसक्यूएलसाठी त्याच नावाचा) आणि हवं तर डीबीव्हरसारखं खिडक्यांचं साधन.
- ताजा बॅकअप कुठे आहे आणि तो शेवटचा कधी रिस्टोर करून पाहिला, याची माहिती.
- स्कीमात (टेबलांच्या रचनेत) झालेल्या बदलांच्या कमांड असलेल्या मायग्रेशन फाइली, गिटमध्ये असतील तर उत्तमच.
- या टेबलात कोण कोण लिहितं याची यादी: ॲप्लिकेशन, रात्री चालणारे जॉब, एखादा जुना आयात करणारा स्क्रिप्ट. ही यादी तयार मिळत नाही, चार लोकांना विचारून स्वतःच करावी लागते.

डीबीव्हरमध्ये प्रत्येक कनेक्शनला रंग देता येतो. प्रॉडक्शनला (खऱ्या, चालू सर्व्हरला) लाल द्या. टेस्टची आणि प्रॉडक्शनची खिडकी हुबेहूब सारखी दिसत असेल, तर आज ना उद्या चुकीच्या खिडकीत काहीतरी टाइप होणारच.

## २. टेबल नीट वाचून काढा

मायएसक्यूएलमध्ये 'शो क्रिएट टेबल' आणि पीएसक्यूएलमध्ये उलटी तिरकी रेघ, 'डी' आणि टेबलाचं नाव. एवढ्यावर अर्धी कुंडली समोर येते. प्रायमरी की (ओळ ओळखणारा कॉलम) कोणती, कुठे नल (किंमत नसणं) चालतो, कोणते इंडेक्स (ओळी लवकर शोधण्यासाठीच्या सूची) आहेत, हे पाहा. फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारा कॉलम) दोन्ही दिशांनी बघा. हे टेबल कोणाकडे बोट दाखवतं हे सगळे पाहतात, याच्याकडे कोण बोट दाखवतं हे राहून जातं, आणि डिलीट करताना नडतं ते हेच. ट्रिगर (ओळ बदलली की आपोआप चालणारा कोड) आहेत का तेही बघा. एक साधा अपडेट ट्रिगरमधून आणखी दोन टेबलं बदलत असेल, तर तुमचा पहिला प्रश्न तिथेच चुकला.

मग डेटा. मोठ्या टेबलावर थेट 'सिलेक्ट काउंट(*)' चालवू नका. पोस्टग्रेसला आणि इनोडीबीला (मायएसक्यूएलमध्ये टेबलं साठवणारं नेहमीचं इंजिन) ओळी खरोखर मोजाव्या लागतात, आकडा कुठे तयार ठेवलेला नसतो. अंदाज पुरेसा असेल तर पोस्टग्रेसच्या पीजी_क्लास या कॅटलॉगमधला रेलटपल्स हा आकडा बघा. त्यानंतर रीड-रेप्लिकावर (मुख्य सर्व्हरची सतत ताजी होणारी, फक्त वाचायची नक्कल) किंवा प्रतीवर एकेका महत्त्वाच्या कॉलमात काय काय पडलंय ते पाहा. समजा ऑर्डर्स नावाच्या टेबलात स्टेटसवर ग्रुप बाय केलं आणि हे आलं:

```
स्टेटस      संख्या
'पूर्ण'      ४,८२,११०
'रद्द'       ३१,१९४
'रद्द '      ८७
(नल)       १२,०४६
```

तिसरी ओळ बघा. 'रद्द'नंतर एक मोकळी जागा आहे. पडद्यावर ती दिसत नाही, म्हणून पाहताना कॉलमाभोवती अवतरणचिन्हं जोडून घ्यायची सवय लावा. पोस्टग्रेसच्या दृष्टीनं या दोन वेगळ्या किमती आहेत. मायएसक्यूएलच्या जुन्या कोलेशनांत (मजकुराची तुलना करण्याच्या नियमांत) शेवटची मोकळी जागा तुलनेत धरलीच जात नाही, म्हणजे तिथे त्या ८७ ओळी वेगळ्या दिसणारही नाहीत आणि डेटा दुसरीकडे हलवाल त्या दिवशी उगवतील.

चौथी ओळ जास्त घातक. 'रद्द नसलेल्या सगळ्या ऑर्डर' हव्यात म्हणून कोणी लिहितं:

```
सिलेक्ट * फ्रॉम ऑर्डर्स व्हेअर स्टेटस <> 'रद्द';
```

यात त्या १२,०४६ ओळी येत नाहीत. नल म्हणजे 'माहीत नाही', आणि 'माहीत नाही' हे 'रद्द'पेक्षा वेगळं आहे का, याचं उत्तरही 'माहीत नाही' असंच येतं. व्हेअर फक्त 'खरं' आलेल्या ओळी घेतं. पोस्टग्रेसमध्ये यासाठी 'इज डिस्टिंक्ट फ्रॉम' आहे. इतरत्र 'ऑर स्टेटस इज नल' असं स्पष्ट जोडा, आणि कंस विसरू नका. याचाच भाऊ म्हणजे 'नॉट इन'. आतल्या क्वेरीनं परत केलेल्या यादीत एक जरी नल असला, तर बाहेरच्या क्वेरीला एकही ओळ मिळत नाही. एरर नाही, इशारा नाही, नुसता रिकामा निकाल. 'नॉट एक्झिस्ट्स' वापरा आणि हा विषयच मिटवा.

आणखी एक. 'ऑर्डर बाय' दिलं नसेल तर ओळी कोणत्या क्रमानं येतील याची काहीही हमी नाही. १९७० साली आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं, तेव्हापासून ओळींचा संच हा संचच आहे, त्याला अंगचा क्रम नाही. 'इतके दिवस तर बरोबर येत होतं' हे खरं असतं आणि निरुपयोगी असतं. पोस्टग्रेसमध्ये एक ओळ अपडेट झाली की तिची नवी आवृत्ती दुसरीकडे लिहिली जाते, आणि 'शेवटची' म्हणून तुम्ही पाहत होता ती ओळ बदलते.

## ३. डेटा बदलताना: आधी मोजा, मग बदला

वरच्या ८७ ओळी दुरुस्त करायच्या आहेत असं धरा. बिगिननं ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या कमांडचा गट) उघडतं, कमिट ते पक्कं करतं, रोलबॅक मागे घेतं. पोस्टग्रेसमध्ये क्रम असा:

```
बिगिन;
सिलेक्ट काउंट(*) फ्रॉम ऑर्डर्स व्हेअर स्टेटस = 'रद्द ';
   → ८७
अपडेट ऑर्डर्स सेट स्टेटस = 'रद्द' व्हेअर स्टेटस = 'रद्द ';
   → अपडेट ८७
कमिट;
```

व्हेअरची ओळ सिलेक्टमधून जशीच्या तशी कॉपी करायची, पुन्हा टाइप करायची नाही. दोन्ही आकडे जुळले तरच कमिट. 'अपडेट ८७'च्या जागी 'अपडेट ५,२५,४३७' दिसलं, तर व्हेअर कुठेतरी गळालं आहे. रोलबॅक म्हणा आणि श्वास घ्या. बिगिन लिहिलं नसतं तर हा मार्ग नव्हता, कारण पीएसक्यूएल आणि मायएसक्यूएल दोन्ही क्लायंट एरवी प्रत्येक कमांड आपोआप कमिट करतात. ओरॅकलच्या एसक्यूएल प्लसमध्ये उलटी गंमत आहे. तिथे आपोआप कमिट होत नाही, पण घाबरून 'एक्झिट' म्हटलं की बाहेर पडताना तो कमिट करूनच जातो. तिथून पळ काढायचा असेल तर आधी रोलबॅक.

बदल मोठा असेल तर जुन्या किमती बाजूला काढून ठेवा: 'क्रिएट टेबल ऑर्डर्स_जुनं ॲज सिलेक्ट' आणि पुढे तीच व्हेअर. अशा प्रतीत इंडेक्स, की वगैरे येत नाहीत, पण किमती परत भरायला ती पुरते. नावात तारीख घाला आणि महिन्यानं काढून टाका, नाहीतर पुढच्या नवख्याला अशी पंधरा टेबलं वारशानं मिळतात.

मायएसक्यूएलच्या क्लायंटला 'सेफ अपडेट्स' नावाचा पर्याय आहे. तो लावला की व्हेअरमध्ये कीही नाही आणि लिमिटही नाही असे अपडेट-डिलीट सर्व्हर नाकारतो. याच पर्यायाचं दुसरं अधिकृत नाव 'आय ॲम अ डमी' असं आहे. नावाला हसा, पण पर्याय लावा.

इथले दोन सापळे. पहिला: ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून मीटिंगला जाणं. तुम्ही बदललेल्या ओळी तोवर लॉक राहतात आणि त्याच ओळी हव्या असलेले सगळे ताटकळतात. पोस्टग्रेसमध्ये अशी सेशन्स 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' म्हणून दिसतात, आणि ठरावीक वेळानं ती तोडण्याची सेटिंगही आहे. दुसरा: 'एक्सप्लेन ॲनलाइझ'. 'एक्सप्लेन' फक्त योजना दाखवतं, 'ॲनलाइझ' जोडलं की क्वेरी खरोखर चालते. डिलीट किती वेळ घेईल हे पाहण्यासाठी त्याच्यापुढे 'एक्सप्लेन ॲनलाइझ' लावलंत, तर डिलीट होऊन गेलेलं असेल.

## ४. रचना बदलताना: लॉकची रांग

आल्टर टेबलबद्दलचा सर्वात मोठा गैरसमज म्हणजे 'कमांड छोटी, म्हणजे धोका छोटा'. नुसता एक कॉलम जोडायचा आहे, पोस्टग्रेस ते काही मिलिसेकंदांत करतो. तरीही पूर्ण ॲप्लिकेशन ठप्प होऊ शकतं. ते असं.

कोणीतरी अर्ध्या तासाचा रिपोर्ट चालवत आहे. तो फक्त वाचतोय, पण वाचतानाही टेबलावर एक हलकं लॉक असतं. तुमच्या आल्टरला सर्वात कडक लॉक हवं असतं, म्हणून ते रिपोर्ट संपण्याची वाट पाहत रांगेत उभं राहतं. आता तुमच्यामागून येणारी प्रत्येक क्वेरी, अगदी साधी सिलेक्टसुद्धा, तुमच्या आल्टरच्या मागे रांगेत लागते. रिपोर्टला कोणी अडवलेलं नाही, आल्टरनं अजून काही केलेलं नाही, आणि टेबल अर्धा तास बंद.

उपाय एका ओळीचा आहे. आल्टरच्या आधी:

```
सेट लॉक_टाइमआउट = '३एस';
```

तीन सेकंदांत लॉक मिळालं नाही तर कमांड स्वतःच माघार घेते. थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करायचा. मायएसक्यूएलमध्ये अशीच रांग मेटाडेटा लॉकची (टेबलाच्या रचनेवरच्या लॉकची) लागते, आणि तिथे लॉक_वेट_टाइमआउटची मूळ किंमत ३,१५,३६,००० सेकंद, म्हणजे बरोबर एक वर्ष आहे. ती आपल्या सेशनपुरती कमी करून मगच आल्टर चालवा.

दुसरा मुद्दा टेबल पुन्हा लिहिलं जातं का, हा. काही बदल फक्त नोंदीत होतात, काहींसाठी अख्खं टेबल नव्यानं लिहावं लागतं. पोस्टग्रेस ११ पासून ठरावीक डीफॉल्ट असलेला कॉलम जोडणं नोंदीतच होतं, मायएसक्यूएल ८.०.१२ पासून 'इन्स्टंट' प्रकारानं जोडता येतो. इंटिजरचा बिगइंट करणं मात्र पोस्टग्रेसमध्ये पूर्ण पुनर्लेखन आहे आणि तोवर टेबल बंद. व्हारकॅर ५० चा १०० करणं पोस्टग्रेसमध्ये क्षणाचं काम आहे. मायएसक्यूएलमध्ये २५५ बाइटची सीमा ओलांडली जाते का यावर ते ठरतं, आणि यूटीएफ८एमबी४ मध्ये एका वर्णाला ४ बाइट धरले जात असल्यामुळे ती सीमा ६३ आणि ६४ वर्णांच्या मध्ये येते.

भरलेल्या टेबलात 'नॉट नल' कॉलम आणायचा असेल तर एका दमात करू नका. पोस्टग्रेसमध्ये असं करा:

१. कॉलम नल चालणारा म्हणून जोडा.
२. ॲप्लिकेशन नव्या ओळींत तो भरू लागेल असं करा.
३. जुन्या ओळी पाच-पाच हजारांच्या तुकड्यांत भरा, प्रत्येक तुकड्यानंतर कमिट.
४. 'चेक (कॉलम इज नॉट नल)' ही अट 'नॉट व्हॅलिड' म्हणून जोडा. ती जुन्या ओळी तपासत बसत नाही.
५. 'व्हॅलिडेट कन्स्ट्रेंट' चालवा. तपासणीला वेळ लागेल, पण वाचणं-लिहिणं चालू राहतं.
६. आता 'सेट नॉट नल'. पोस्टग्रेस १२ पासून तपासलेली चेक अट असेल तर टेबल पुन्हा वाचलं जात नाही.

कॉलमाचं नाव बदलणं ही कमांड म्हणून सर्वात सोपी आणि परिणामानं सर्वात वाईट. नव्या कोडला नवं नाव हवं, जुनं कोड अजून एखाद्या सर्व्हरवर चालू आहे आणि त्याला जुनंच हवं. नवा कॉलम जोडा, काही दिवस दोन्हींत लिहा, जुना डेटा भरून घ्या, वाचन नव्यावर आणा, मग जुना काढा. हे कंटाळवाणं आहे. खरं सांगायचं तर बऱ्याचदा नुसतं नाव आवडत नाही म्हणून हा खटाटोप करण्यात अर्थ नसतो. वाईट नावाचा कॉलम तसाच ठेवा आणि त्याच्यावर एक कॉमेंट लिहा. 'कॉमेंट ऑन कॉलम' ही कमांड त्यासाठीच आहे आणि तिला मिळायला हवा तेवढा मान मिळत नाही.

शेवटचा फरक लक्षात ठेवा: पोस्टग्रेसमध्ये आल्टर, ड्रॉप हे ट्रान्झॅक्शनमध्ये घालून रोलबॅक करता येतात. मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये अशी कमांड आली की आधीचं उघडं कामही तिथेच कमिट होतं. पोस्टग्रेसची सवय घेऊन मायएसक्यूएलवर गेलेले लोक इथे हमखास फसतात.

## ५. कॉलमाचे प्रकार, झटपट

पैशांसाठी फ्लोट नको, न्यूमेरिक किंवा डेसिमल घ्या. फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. फोन नंबर हा आकडा नाही, मजकूर आहे, सुरुवातीचं शून्य आकड्यात टिकत नाही. वेळ ठेवताना टाइमझोनसह असलेला टाइमस्टॅम्प घ्या, पोस्टग्रेसमध्ये दोन्ही प्रकारांना ८ बाइटच लागतात. मायएसक्यूएलचा टाइमस्टॅम्प १९ जानेवारी २०३८ ला संपतो, पुढच्या तारखांना डेटटाइम. वाढणाऱ्या टेबलाची की पहिल्यापासून बिगइंट ठेवा. इंटिजर २,१४,७४,८३,६४७ वर थांबतो, आणि तिथे पोचल्यावर बदलणं म्हणजे वर सांगितलेलं पूर्ण पुनर्लेखन, तेही सगळं बंद पडलेलं असताना.

मायएसक्यूएलमध्ये नुसतं 'यूटीएफ८' असं नाव दिसलं तर सहसा ते ३ बाइटांपर्यंतचंच असतं. देवनागरी त्यात मावते, इमोजी मावत नाही. यूटीएफ८एमबी४ घ्या. आणि ओरॅकलमध्ये व्हारकॅर२(५०) म्हणजे मूळ सेटिंगनुसार ५० बाइट, ५० वर्ण नव्हे. देवनागरीचा प्रत्येक वर्ण यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतो आणि जोडाक्षर फोडून मोजलं जातं: 'स्त्री' हे एक अक्षर दिसलं तरी आत सहा वर्ण आहेत, म्हणजे १८ बाइट. अशा कॉलमात संपूर्ण नाव बसेल अशी आशा ठेवू नका.

## ६. इंडेक्स: जोडणं सोपं, काढणं कठीण

क्वेरी मंद आहे म्हणून लगेच इंडेक्स जोडू नका, आधी 'एक्सप्लेन' पाहा. इंडेक्स असूनही वापरला जात नसेल तर नेहमीचे संशयित हे: व्हेअरमध्ये कॉलमाला फंक्शनात गुंडाळलेलं असणं (तारखेतून वर्ष काढून तुलना करण्याऐवजी तारखेची सुरुवात आणि शेवट द्या), 'लाइक'ची सुरुवातच टक्क्याच्या चिन्हानं होणं, आणि मायएसक्यूएलमध्ये मजकुराच्या कॉलमाची अवतरणचिन्हांशिवाय आकड्याशी तुलना करणं.

दोन कॉलमांच्या इंडेक्समध्ये क्रम महत्त्वाचा. (ग्राहक, तारीख) असा इंडेक्स आधी ग्राहकानुसार लावलेला असतो आणि एकेका ग्राहकाच्या आत तारखेनुसार. 'या ग्राहकाच्या गेल्या महिन्यातल्या ऑर्डर' यासाठी तो उत्तम, 'गेल्या महिन्यातल्या सगळ्या ऑर्डर' यासाठी त्याचा फारसा उपयोग नाही.

नवख्यांना न सांगितली जाणारी गोष्ट: पोस्टग्रेस फॉरेन कीच्या कॉलमावर आपोआप इंडेक्स बनवत नाही. मायएसक्यूएलचं इनोडीबी बनवतं. ग्राहक टेबलातून एक ओळ काढायला मिनिटं लागत असतील, तर ऑर्डर्समधल्या ग्राहकाच्या कॉलमावर इंडेक्स आहे का ते बघा. नसेल तर त्या एका ओळीसाठी पूर्ण ऑर्डर्स टेबल चाळलं जातंय.

चालू टेबलावर पोस्टग्रेसमध्ये 'क्रिएट इंडेक्स कन्करंटली' वापरा, नाहीतर इंडेक्स बनेपर्यंत लिहिणं बंद. ही कमांड ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, आणि मध्येच फसली तर 'इनव्हॅलिड' इंडेक्स मागे ठेवते. तो क्वेरीला मदत करत नाही, पण प्रत्येक लिखाणाला भार मात्र घालतो. काढून पुन्हा बनवा.

न वापरलेले इंडेक्स पीजी_स्टॅट_यूजर_इंडेक्सेस या व्ह्यूमध्ये सापडतात: आयडीएक्स_स्कॅनचा आकडा शून्य. पण शून्य दिसलं म्हणून लगेच ड्रॉप करू नका. युनिक अट सांभाळणारा इंडेक्सही शून्य दाखवू शकतो, वर्षातून एकदा चालणाऱ्या रिपोर्टचाही, आणि रेप्लिकावर होणारा वापर मुख्य सर्व्हरच्या आकड्यात येत नाही.

## ७. जुना डेटा काढताना

कोटभर ओळी एका डिलीटमध्ये काढू नका. कीच्या पट्ट्या पाडा, पाच-दहा हजारांचा तुकडा काढा, कमिट करा, क्षणभर थांबा, पुढचा तुकडा. सुरू करण्याआधी फॉरेन कीवर 'ऑन डिलीट कॅस्केड' आहे का पाहा, नाहीतर ऑर्डरबरोबर तिच्या पावत्याही गेलेल्या असतील.

पूर्ण टेबल रिकामं करायचं तर ट्रंकेट जलद. पण पोस्टग्रेसमध्ये 'ट्रंकेट कॅस्केड' म्हणजे या टेबलाकडे बोट दाखवणारी सगळी टेबलं पूर्ण रिकामी, फक्त संबंधित ओळी नव्हे. डिलीटचं कॅस्केड आणि हे कॅस्केड एक नव्हे. मायएसक्यूएलमध्ये ट्रंकेट रोलबॅक होत नाही, पोस्टग्रेसमध्ये होतो.

दर महिन्याला जुना महिना काढायचाच असेल तर टेबल महिन्यांच्या पार्टिशनांत विभागा. मग काढणं म्हणजे एक पार्टिशन ड्रॉप करणं. किंमतही आहे: पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल दोन्हींत प्रायमरी कीमध्ये विभागणीचा कॉलम घ्यावाच लागतो, आणि मायएसक्यूएलमध्ये पार्टिशन केलेल्या टेबलांना फॉरेन की चालत नाहीत. काही लाख ओळींसाठी या भानगडीत पडू नका.

## ८. व्हॅक्यूम आणि आकडेवारी

डिलीट करूनही फाइलचा आकार कमी होत नाही, हे पाहून सगळेच गोंधळतात. पोस्टग्रेसमध्ये डिलीट झालेली ओळ आणि अपडेट झालेल्या ओळीची जुनी आवृत्ती तिथेच पडून राहते, कारण एखादं जुनं ट्रान्झॅक्शन ती अजून पाहत असू शकतं. व्हॅक्यूम ती जागा पुन्हा वापरण्याजोगी करतो, सहसा डिस्कला परत देत नाही. आकार स्थिर असेल तर काळजीचं कारण नाही, वाढतच असेल तर आहे.

ऑटोव्हॅक्यूम हे आपोआप करतो. मूळ सेटिंगनुसार मेलेल्या ओळी ५० अधिक टेबलाच्या २० टक्के झाल्या की तो जागा होतो. कोटभर ओळींच्या टेबलात म्हणजे २० लाखांवर. मोठ्या टेबलांसाठी हा टक्का त्या टेबलापुरता खाली आणा, १ किंवा २ टक्के. 'ऑटोव्हॅक्यूममुळे सर्व्हर मंद होतो' म्हणून तो बंद करण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. पोस्टग्रेसचे ट्रान्झॅक्शन क्रमांक ३२ बिटांचे आहेत, सुमारे २०० कोटींच्या मर्यादेआधी जुन्या ओळी गोठवल्या गेल्या नाहीत तर डेटाबेस नवं लिखाण घेणं थांबवतो. आणि व्हॅक्यूम चालूनही मेलेल्या ओळी कमी होत नसतील तर तिसऱ्या पायरीतलं ते उघडं ट्रान्झॅक्शन शोधा, बहुतेक वेळा गुन्हेगार तोच.

'व्हॅक्यूम फुल' हे वेगळं प्रकरण आहे. ते टेबल नव्यानं लिहितं, तोवर वाचणंही बंद, आणि नव्या प्रतीइतकी मोकळी डिस्क लागते. डिस्क भरली म्हणून व्हॅक्यूम फुल चालवणं म्हणजे आगीत तेल. मायएसक्यूएलमधलं 'ऑप्टिमाइझ टेबल' इनोडीबीसाठी टेबल पुन्हा बांधतं, तेही उठसूट चालवायचं नाही.

मोठा डेटा भरल्यावर 'ॲनलाइझ' हातानं चालवा. योजना आखणारा भाग जुन्या आकडेवारीवर चालत असेल तर काल धावणारी क्वेरी आज रांगते, आणि लोक विनाकारण नवे इंडेक्स जोडत बसतात.

## ९. बॅकअप: परत आणून पाहिलेला

रेप्लिका म्हणजे बॅकअप नव्हे. मुख्य सर्व्हरवर केलेलं चुकीचं डिलीट काही क्षणांत रेप्लिकावरही पोचतं.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेत जे झालं ते त्यांनी स्वतःच सविस्तर जाहीर केलं आहे. रात्री रेप्लिकेशन दुरुस्त करताना एका अभियंत्यानं दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचीच डेटाची डिरेक्टरी काढली. मग लक्षात आलं की पीजी_डंपचे नेहमीचे बॅकअप बनतच नव्हते: डेटाबेस ९.६ आवृत्तीचा, डंप घेणारं साधन ९.२ चं, आणि अपयशाचे ईमेल कोणापर्यंत पोचत नव्हते. योगायोगानं सुमारे सहा तासांपूर्वी घेतलेला एक स्नॅपशॉट होता, म्हणून बाकीचं वाचलं. त्या सहा तासांतला डेटा गेला. चुकीची खिडकी आणि न तपासलेला बॅकअप, दोन्ही एकाच रात्री.

म्हणून महिन्यातून एकदा तरी बॅकअप वेगळ्या सर्व्हरवर रिस्टोर करा, दोन-तीन मोठ्या टेबलांच्या ओळी मोजा, सर्वात ताज्या ओळीची तारीख पाहा. मायएसक्यूएलडंप वापरत असाल तर 'सिंगल ट्रान्झॅक्शन' हा पर्याय लावा, तो फक्त इनोडीबी टेबलांसाठी सुसंगत चित्र देतो. जुनी मायआयसॅम (मायएसक्यूएलचं जुनं इंजिन) टेबलं शिल्लक असतील तर ती वेगळी हाताळावी लागतात. रात्रीच्या डंपनंतर दुपारी चुकलं तर मधला डेटा हवा असतो. त्यासाठी पोस्टग्रेसमध्ये वॉल फाइली आणि मायएसक्यूएलमध्ये बिनलॉग (दोन्ही म्हणजे प्रत्येक बदलाच्या नोंदी) जपून ठेवलेले असावे लागतात, चूक झाल्यावर ते सुरू करून उपयोग नाही.

एकच टेबल परत आणायचं असेल तर ते थेट चालू डेटाबेसवर रिस्टोर करू नका. वेगळ्या नावाच्या डेटाबेसमध्ये पूर्ण रिस्टोर करा, गेलेल्या ओळी ताडून पाहा आणि तेवढ्याच परत भरा. टेबल नव्यानं बनवून कीसकट ओळी हातानं भरल्या असतील, तर पोस्टग्रेसमध्ये सीक्वेन्स (पुढची की देणारा मोजक) अजून १ वरच असतो. पहिलीच नवी ऑर्डर 'डुप्लिकेट की' म्हणत आपटते. सेटव्हॅल चालवून सीक्वेन्स सर्वात मोठ्या कीवर नेऊन ठेवा, आणि मगच ॲप्लिकेशन सुरू करा.